अडीच महिन्यांचं बाळ आणि इमॅजिकाचा मुक्काम

थोरलीला पहिलीत गेल्यावर खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क दाखवायचं कबूल केलं होतं आणि धाकट्याने नेमका त्याच वर्षीचा मुहूर्त धरला. सव्वा महिना उलटला, 10 आठवड्यांची इंजेक्शनं झाली, त्यांचा ताप येऊन गेला. मग डॉक्टरांना विचारून पुण्याहून निघालो: मी, नवरा, थोरली, बाळ आणि माझी आई. सुरुवातीच्या लशी 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात, तेव्हा दोन लशींच्या मधला निवांत आठवडा धरा. टोचून आल्याच्या दुसऱ्या दिवशी निघालात तर किरकिर सोबत घेऊनच निघाल.

नेटवर सगळे राइड्सबद्दल लिहितात. बाळ बरोबर असेल तर राइड्सचा विचार शेवटी करा, आधी खोली ठरवा. एरवी आपण खोलीत फक्त पाठ टेकायला जातो. तान्हं बाळ असलं की बाळाचा अख्खा दिवस आणि बाळंतिणीचा बराचसा दिवस खोलीतच जातो. त्यामुळे पैसे सोयीसुविधांपेक्षा अंतरासाठी मोजावेत, या मतावर मी ठाम आहे.

मुक्कामाचे पर्याय तसे चार. पार्कला लागून असलेलं नोव्होटेल, खोपोली गावातली साधी हॉटेलं, घाटावर लोणावळा-खंडाळा, नाहीतर कर्जतच्या बाजूचं फार्महाऊस. पहिला पसंतीचा पर्याय बहुतेकांचा लोणावळाच असतो. हवा थंड, हॉटेलं भरपूर, ओळखीचं गाव. पण इमॅजिका घाटाखाली, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. म्हणजे रोज बोरघाट उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा. शनिवार-रविवारी घाटात ट्रक बंद पडला की एक्स्प्रेसवेवर दोन-दोन तास गाडी हलत नाही, आणि तिथे कडेला थांबून बाळाला पाजायची सोय नाही. कर्जतच्या फार्महाऊसचा अनुभव मावसबहिणीने घेतला होता. रात्री लाइट गेली, जनरेटर नुसता दाखवायला ठेवलेला, आणि डासांनी पोराला फोडून काढलं. खोपोली गावातली हॉटेलं स्वस्त पडतात, औषधाचं दुकान आणि दवाखाना जवळ असतो, आणि नवरा-बायकोत एकाला गाडी चालवता येत असेल तर तेही वाईट नाही. आम्ही नोव्होटेल घेतलं, कारण दर अडीच तासांनी पाजायचं असेल तर गाडी काढणं, सीट लावणं, पार्किंग शोधणं यातच निम्मा वेळ जातो.

तिथे 287 खोल्या आहेत, म्हणजे सुट्टीत मोठं लग्नघरच. बुकिंग करतानाच सांगा: लिफ्टपासून लांबची खोली, तरणतलावाच्या वरची नको, बाळासाठी पाळणा हवा. फोनवर सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात, म्हणून तेच ईमेलवर लिहून मागा. आम्ही एक मोठी खोली घेण्याऐवजी दोन साध्या शेजारशेजारच्या घेतल्या. एकीत मी, आई आणि बाळ, दुसरीत नवरा आणि थोरली. एकाच खोलीत पाचजण कोंबून घेतलं की रात्री बाळ रडलं तर सगळेच जागे, आणि सकाळी थोरली पेंगत रांगेत उभी. जादा माणसाचे पैसे धरले तर फरक वाटतो तेवढा नसतो. हिशोब करून बघा.

खोली ताब्यात घेतली की आधी पाळणा तपासा. गादी सपाट आणि घट्ट हवी, कडेला फट नको. उशी, दुलई काढून टाका. एसीचा झोत पाळण्यावर येत नाही ना, हे हात धरून बघा. 25-26 वर ठेवला तरी पुरतो. खोपोली म्हणजे लोणावळा नव्हे. इथे कोकणातली दमट हवा आहे आणि डिसेंबरातही दुपारी घाम फुटतो. कुंची, स्वेटर, मोजे असा सगळा सरंजाम आईने आणला होता, त्यातलं निम्मं बॅगेतून बाहेरच निघालं नाही.

आंघोळीचं मात्र आधीच ठरवून ठेवा. हॉटेलच्या न्हाणीघरात काचेची खोली आणि वरून शॉवर. बादली नाही, तांब्या नाही. पायावर घेऊन बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने तिथे बसायचं कशावर? आईने दारात उभं राहून एकदा त्या गुळगुळीत फरशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “इथे मी पाय पसरून बसले तर मला उठवायला तीन माणसं लागतील.” हाउसकीपिंगला सांगितल्यावर बादली, तांब्या आणि प्लास्टिकचं स्टूल आलं, पण आम्ही तिथे बाळाला नुसतं ओल्या फडक्याने पुसलं. दोन दिवस न्हायलं नाही म्हणून काही बिघडत नाही. तेल लावून मालिश मात्र झाली, खाली घरची चटई घालून. आणि धुरी? ओवा, वावडिंग, धुपाटणं सगळं आईच्या पिशवीत होतं. छतावरच्या धुराच्या अलार्मकडे बोट दाखवून मी ते तिथेच राहू दिलं. आमचे डॉक्टर तसेही धुरीच्या विरोधात आहेत, पण ते सांगून आईशी वाद घालण्यापेक्षा अलार्म बरा.

लंगोट वाळत घालायला दोरी आणि चिमटे घरूनच न्या. डायपर वापरत असाल तर लागतील त्याच्या दीडपट. बाटलीचं दूध असेल तर स्टरिलायझर स्वतःचा ठेवा. खोलीतल्या किटलीत आधी कुणी काय उकळलं असेल, सांगता येत नाही.

पार्कमध्ये आमची वाटणी अशी होती. नवरा आणि थोरली सकाळी उघडतानाच आत. आई आणि बाळ खोलीत, आईचं तिकीटच काढलं नाही. मी बाळाला पाजलं, ढेकर काढली, झोपवलं आणि एकदाच आत गेले. दोन तास थोरलीबरोबर होते. ‘टबी टेक्स ऑफ’मधले हत्ती, ‘वॅगन-ओ-व्हील’ आणि एक आइस्क्रीम झालं. ‘नायट्रो’ रोलरकोस्टरकडे मी लांबूनच बघितलं, टाके पडून तीन महिनेही झाले नव्हते. दोन तासांसाठी पूर्ण तिकीट काढणं महाग वाटतं खरं, पण थोरली बाळ आल्यापासून पहिल्यांदाच मला एकटीला मिळाली होती आणि तिने हात एकदाही सोडला नाही. तुमच्याकडे आजी नसेल तर दोघांनी आळीपाळीने जावं लागेल. अशा वेळी बाहेर आल्यावर पुन्हा आत सोडतात का, हे दारावर आधी विचारून घ्या. बाळाला आत नेणार असाल तर परेडच्या वेळी स्पीकरपासून लांब राहा आणि दुपारचं ऊन टाळा. पावसाळ्यात तर बाळाला घेऊन जाऊच नका, बाहेरच्या राइड्स पावसाने मध्येच थांबतात आणि सगळी गर्दी छपराखाली येते. डिसेंबर-जानेवारीत हवा बरी, पण शाळांच्या सहली मधल्या वारीही असतात.

खाण्याचं म्हणाल तर बुफेत पदार्थ भरपूर, बाळंतिणीने खावं असं थोडं. मऊ भात, तूप, मुगाचं वरण सांगितलं तर करून देतात, पण अर्धा-पाऊण तास धरा. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डब्यात होते, रात्री दोनला त्यांचाच आधार. नाश्त्याला पाळीने जा, नाहीतर कुणीतरी उपाशी राहतं.

थर्मामीटर विसरू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर घरचं औषध न देता लगेच डॉक्टरांकडे न्यायचं असतं. म्हणून पोचल्या पोचल्याच रिसेप्शनला विचारून ठेवा, रात्री खोपोलीत लहान मुलांचे डॉक्टर कुठे भेटतात ते.

प्रवासात बाळ मागे तोंड करून बसवायच्या सीटमध्येच ठेवा, मांडीवर नाही, आणि दीड-दोन तासांनी बाहेर काढा. पुण्याकडून येताना घाट उतरण्याआधी थांबून पाजून घेतलं तर खोपोलीपर्यंत बाळ झोपतं. परतीला रविवारची संध्याकाळ नको. आम्ही चेकआउट दोन तास उशिरा मागून घेतला आणि सोमवारी दुपारी निघालो. पार्कच्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे. आईची फार इच्छा होती, पण बाळाला घेऊन रांगेत उभं राहायचं मी नाही म्हटलं. महडचा वरदविनायक परतीच्या वाटेपासून जवळ पडतो. तिथे ती आणि नवरा दर्शन घेऊन आले, तोवर मी सावलीत गाडी लावून बाळाला पाजलं.