संक्रांतीचं पानिपत

आमच्या वाचक मंडळाचा मेळावा दरवर्षी संक्रांतीला. तारीख धरली होती तिळगुळासाठी. पण १४ जानेवारी हा पानिपतचाही दिवस, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि तेव्हापासून आत हळदीकुंकू, बाहेर ओट्यावर १७६१ अशी वाटणी झाली.

वाचायला विश्वास पाटलांचं 'पानिपत'. कादंबरी आली १९८८ मध्ये, तेव्हा लेखक तिशीच्या आतला. ग्रंथपालकाका हे दरवर्षी सांगत आणि आम्हा पोरांकडे असं बघत, की तिशी जवळ आली तरी आमच्या नावावर काही नाही हा गुन्हाच.

प्रतीची शिवण उसवलेली, पानं दोऱ्यानं बांधलेली. एका वर्षी विश्वासरावांना गोळी लागते तिथलीच दोन पानं गायब! काकांनी चष्मा काढला आणि पुढचं तोंडपाठ सुरू केलं. ओट्यावर चिडीचूप. घरी येऊन दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिलं, तर निम्मं काकांच्या पदरचं होतं. मी कुणाला बोललो नाही.

मोठ्यानं वाचलं की कळतं, या पुस्तकात तलवारीपेक्षा भाकरीला जास्त महत्त्व आहे. गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि बायकापोरं, यात्रेकरू असं सगळं लटांबर छावणीत उपाशी अडकलं. ते वाचताना आतली लाडवांची थाळी बाहेर यायला कचरायची. युद्धापेक्षा युद्धात सापडलेल्या माणसांवर नजर, हीच पाटलांची खूण. धरणग्रस्तांवरच्या 'झाडाझडती'तही ती आहे. त्या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे सुभाषबाबूंवर 'महानायक' आणि मग 'संभाजी' आली, पण आमच्या ओट्याचं पहिलं प्रेम काही सुटलं नाही.

त्यांचे संवाद मात्र मला कधीकधी जरा टाळीची वाट बघणारे वाटतात. काकांना हे पटायचं नाही. "म्हणून तर त्यावर 'रणांगण' नाटक झालं," म्हणायचे. तेही खरंच.

शेवटी भांडण ठरलेलं: मल्हारराव होळकर रणातून निघाले ते बरोबर की चूक? दोन आजोबा, दोन बाजू, दरवर्षी तेच मुद्दे. एकदा काकूंनी मध्ये पडून दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला, "घ्या, आणि गोड बोला."

"बोलतो की," एक आजोबा लाडू चावत म्हणाले, "पण मल्हारराव थांबायला हवे होते."