भूल द्यायच्या आधीची तहान

माझी पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली ती मे महिन्यात. अमळनेर-पारोळ्याकडचा मे कसा असतो हे इकडच्यांना वेगळं सांगायला नको, पारा ४४-४५ ला जाऊन टेकतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, सर्जनचा हात चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. रक्त, ईसीजी, छातीचा एक्सरे हे सगळंही एका सकाळीत उरकलं. राग आहे तो उपाशी ठेवण्याचा, आणि खरं सांगायचं तर उपाशीपेक्षा तहानेचा.

आदल्या संध्याकाळी सिस्टर सांगून गेल्या, "रात्री बारानंतर काही नाही. पाणीसुद्धा नाही." माझा नंबर सकाळी नऊचा होता. आता आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एकाच दवाखान्यात बसून नसतात. एकच डॉक्टर चार ठिकाणं सांभाळतात, बोलावलं की गाडी काढून येतात. त्या दिवशी त्यांना दुसरीकडे तातडीच्या सिझेरियनला जावं लागलं. ते योग्यच झालं, बाळ-बाळंतीण आधी. पण इकडे नऊचे अकरा झाले, अकराचे दोन झाले, आणि कोणी येऊन सांगेना की किती थांबायचंय. जीभ टाळूला चिकटली, डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या खाटेवर हर्नियाची एक आजी होती. ती सुनेला सारखी म्हणत होती, "घोटभर पानी दे वं माय." सून बिचारी कापूस ओला करून तिच्या ओठांना लावत होती. मी सिस्टरना विचारलं, सलाइन तरी लावा. "डॉक्टर आल्यावर." मग डॉक्टरांना फोन करा. "ते थिएटरमध्ये असतील." सबंध सकाळ हेच उत्तर.

तीनच्या सुमारास भूलतज्ज्ञ आले. थकलेले होते, तरी खाटेशी बसून बोलले. पहिला प्रश्न, "शेवटचं पाणी कधी प्यायलात?" मी म्हटलं, काल रात्री. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, "उशीर होणार हे कळल्यावर मला विचारायचं ना! साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या आजींच्याही.

त्यांनी मग जे समजावलं ते घरोघरी माहीत असायला हवं. भूल चढली की गिळण्या-खोकण्याची आपली राखण बंद पडते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात शिरू शकतं, आणि ते जिवावर बेततं. म्हणून जेवणाच्या बाबतीत कोणीही "थोडंसं खा, काही होत नाही" म्हणालं तरी ऐकू नका. हलकं खाणं ६ तास आधी बंद. तेलकट, तळलेलं, मटण, शेवभाजी असलं असेल तर ८ तास किंवा जास्त. दूध आणि दुधाचा चहा हे पाण्यात धरत नाहीत, त्यांनाही ६ तास. साधं पाणी, बिनदुधाचा चहा मात्र पोटातून लवकर पुढे सरकतो, म्हणून २ तास. गरोदर बाई, जुना मधुमेह, जळजळीचा किंवा आतड्याचा त्रास असलेले यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी आपल्या भूलतज्ज्ञांनाच विचारावं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो. तसं काही घरात असेल तर आधीच सांगा आणि तपासणी करून घ्या. त्या रुग्णाच्या शरीरातलं पाणी कमी होणं हाच मोठा धोका, त्याला असं कोरडं ठेवून चालतच नाही.

प्रत्यक्ष भुलेत घाबरण्यासारखं फार काही नाही. त्यांनी मला तोंड मोठं उघडायला आणि मान मागे करायला लावली, कारण झोपल्यावर श्वासनळीत नळी घालायची असते. तंबाखू-गुटख्याने ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांनी हे लपवू नये, नळी घालायला तिथेच अडतं. कवळी, हलणारा दात, तेही सांगावं. थिएटर थंडगार होतं. तोंडावर मास्क धरून ऑक्सिजन दिला, मग हातातल्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध गेलं. हातभर चुणचुणलं आणि पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा कोणीतरी नावाने हाक मारत होतं.

मला कुडकुडी भरली होती, ती पांघरुणाने गेली. घसा बसल्यासारखा झाला, तो नळीमुळे, दोन दिवसांत सुटला. उजवा खांदा मात्र खूप दुखला. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे तो दुखतो, हे आधी माहीत असतं तर मी हृदयाचं समजून रडले नसते. मळमळ मला झाली नाही, पण गाडी लागणाऱ्यांना जास्त होते म्हणे, तेही भूलतज्ज्ञांना सांगितलं तर आधीच औषध देतात. एक दिवस गाडी चालवू नये, सह्या-व्यवहार करू नयेत. आणि हो, नखांचं पॉलिश काढून जावं. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात, त्याला ते आड येऊ शकतं.

पुढे जळगावला जेठाणीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आदल्या दिवशीच मी भूलतज्ज्ञांना भेटायला हट्टाने थांबले. पाणी किती वाजेपर्यंत, बीपीची गोळी घ्यायची का, उशीर झाला तर विचारायचं कोणाला, तिन्ही उत्तरं केसपेपरवर लिहून घेतली. सकाळी तिने बीपीची गोळी आणि ग्लासभर पाणी घेतलं. तिलाही उशीर झालाच. पण सिस्टरनी केसपेपर पाहून लगेच फोन लावला, आणि माझ्यासमोर तिला अर्धा ग्लास पाणी दिलं.