कधीच नसलेल्या जमातीचं चित्र काढताना

काल्पनिक आदिवासी जमातींची चित्रं हल्ली डिजिटल चित्रकार भरपूर काढतात. डोक्यावर पिसं, चेहऱ्यावर नक्षी, हातात भाला. मला ती बघताना त्रास होतो. उत्तर अमेरिकेच्या मैदानी जमातींमध्ये गरुडाचं पीस पराक्रमानं मिळवावं लागतं. माओरींच्या चेहऱ्यावरच्या गोंदणात घराण्याची परंपरा असते. दोन्ही उचलून एकाच चेहऱ्यावर चिकटवली की दोघांचंही काही उरत नाही.

पण कल्पनेतली माणसं काढायची हौस मलाही आहे. मला मुंबईची जमात काढायची होती, ठाणे खाडीच्या तिवरांत राहणारी. त्याआधी खरी आदिवासी चित्रं कशी घडतात ते हातानं करून बघायचं ठरवलं. त्यासाठी गोरेगावहून लांब जावं लागत नाही. आरेत वारल्यांचे पाडे आहेत. मैत्रिणीच्या ओळखीनं तिथल्या एका मावशींकडे रविवारी जायला लागले.

मावशींनी आधी तांदूळ वाटायला बसवलं. भिजवलेले तांदूळ गंधासारखे बारीक वाटायचे, पाण्यात कालवायचे, थोडा डिंक घालायचा. बांबूच्या काडीचं टोक चावून तंतू सुटे करायचे, झाला कुंचला. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर रेघ ओढली तर ओली असताना ती जेमतेम दिसते. वाळत जाते तशी पांढरी उमटते. म्हणजे काढताना डोळ्यांवर भिस्त ठेवून चालतच नाही, रेघ हाताला ठाऊक असावी लागते. मावशी माझ्याशी गप्पा मारता मारता काढायच्या आणि थोड्या वेळानं भिंतीवर अख्खं शेत उभं राहिलेलं असायचं.

शेत, ताडावर चढणारा माणूस, तारपा नाच त्यांनी मनापासून शिकवलं. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाबद्दल, म्हणजे चौकोनी विधीचित्राबद्दल, विचारलं तेव्हा मात्र म्हणाल्या, “तो लग्नाच्या घरी काढायचा, बाय. इथं कुणाचं लगीन आहे?”

चौक सुवासिनी काढतात, मधोमध पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्न लावताना गाणी म्हणते. १९७०च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या जगण्याची चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी ही चित्रं विधीपुरती होती आणि बायकाच काढायच्या. आज वारली नक्षी कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर सगळीकडे दिसते, पण चौकाची जागा अजून ठरलेली आहे. मावशींचं ते उत्तर ऐकल्यावर मला माझ्या चित्राकडे कसं जायचं ते उमगलं. आधी पेहराव नाही. आधी ही माणसं कुठे, कधी आणि कशासाठी चित्र काढतात ते ठरवायचं.

तिवरांत भिंत कुठली? म्हणून माझी माणसं होडीच्या पोटावर काढतात. रंग शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा, खाली खाडीचा काळा चिखल. त्यांचं घड्याळ पाण्याचं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्याची चढउतार कमी, म्हणून लग्नं तेव्हाच. आणि उधाणाची रात्र ते कधीच काढत नाहीत, कारण त्या पाण्यात गेलेली माणसं त्या रात्री परत येतात अशी त्यांची समजूत. हे सुचलं त्या दिवशी ती जमात मला खरी वाटायला लागली.

सगळ्यात जास्त वेळ जाळ्यानं खाल्ला. खाडी म्हटलं की कोळी आलेच, आणि ते खरे आहेत, आजही तिथे आहेत. त्यांचं लुगडं, टोपी, देव यांतलं काही घ्यायचं नाही हे सोपं होतं. पण मासे कसे धरायचे? शेवटी बांबूंचं कुंपण चिखलात रोवलं. ओहोटीला आत अडकलेले मासे हातानं वेचायचे. ही युक्ती जगात अनेक किनाऱ्यांवर आपापली निघालेली आहे, त्यामुळे ती कुणा एकाची वाटत नाही. दोन त्रिकोणांचं वारली शरीरही मी बाजूला ठेवलं. तिवराची श्वासमुळं चिखलातून सरळ वर येतात, तशा बुडाशी जाड, वर निमुळत्या रेघेची माणसं केली.

मावशींना फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी ते बोटांनी मोठं करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यांच्यात लग्नाला गाणं कोण म्हणतं?”

ते मी ठरवलेलं नव्हतं. सध्या त्यावरच काम चालू आहे. चित्राखाली ‘काल्पनिक, ठाणे खाडी’ असं स्पष्ट लिहिते. वारलीचा सराव मी विकत नाही. वारली चित्र हवं असणाऱ्यांची गाठ, मावशींना विचारून, त्यांच्याशीच घालून देते.