३.१ मायक्रॉनवरचा खड्डा

दोन पट्ट्यांचा, म्हणजे तरंगलांबीच्या दोन टप्प्यांत पाहणारा, इन्फ्रारेड डिटेक्टर मुंबईत, तोही जुलैमध्ये तपासायचा, तर सगळ्यात जास्त वेळ पाणी खातं. माझा नमुना इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइडच्या सुपरलॅटिसचा, म्हणजे आलटूनपालटून रचलेल्या अतिपातळ थरांचा, होता. पाठीला पाठ लावलेले दोन डायोड, एक ३ ते ५ मायक्रॉनसाठी (मध्यम पट्टा), दुसरा ८ ते १२ साठी (लांब पट्टा). बायसची, म्हणजे लावलेल्या व्होल्टेजची, दिशा उलटली की दुसरा पट्टा दिसतो, म्हणून पिक्सेलमागे जोडणीसाठी इंडियमचा एकच ठिपका पुरतो.

मेसा (प्रत्येक डायोडचा सुटा उंचवटा) कोरायला सायट्रिक आणि फॉस्फरिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी. कोरून झाल्यावर भिंती उघड्या ठेवायच्या नाहीत. अँटिमोनाइडवर ऑक्साइड धरतो आणि गळती वाढते. धुवायचं, नायट्रोजनने सुकवायचं, लगेच एसयू-८ हे संरक्षक पॉलिमर चढवायचं. एकाच चिपवर लहानमोठे डायोड ठेवले होते. क्षेत्रफळाच्या मानाने लहान डायोडचा डार्क करंट (प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह) जास्त आला, म्हणजे गळती भिंतीतूनच होती.

ड्यूअरला, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्याला, आधी सफायरची खिडकी होती. ती ६ मायक्रॉनच्या पुढे काहीच जाऊ देत नाही, त्यामुळे लांब पट्टा मेल्यासारखा वाटला. झिंक सेलेनाइडची बसवली आणि सिग्नल आला.

मग ७७ केल्व्हिनवर स्पेक्ट्रम घेतला, तर ३.१ मायक्रॉनपाशी रुंद खड्डा, आणि तो तासातासाला खोल होत गेला. तो डिटेक्टरचा गुण नव्हता. आत उरलेल्या बाष्पाचा बर्फ थंड चिपवर साचत होता. ४.२६ मायक्रॉनची कार्बन डायऑक्साइडची खाच वेगळी: अरुंद असते, वाढत नाही, आणि स्पेक्ट्रोमीटरमध्ये कोरडा नायट्रोजन सोडला की बरीचशी जाते. बर्फावर उपाय एकच, नायट्रोजन ओतायच्या आधी ड्यूअर किंचित गरम ठेवून रात्रभर पंप चालवायचा. दाब एक लाखांश मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय द्रव नायट्रोजन ओतायचा नाही. घाई केलीत तर अख्खा दिवस वाया जातो.

खड्डा गेल्यावरच दोन पट्ट्यांची सरमिसळ मोजता आली. ५०० केल्व्हिनचा ब्लॅकबॉडी (ठरलेल्या तापमानाचा उष्ण स्रोत), पुढे प्रकाश ठरावीक गतीने तोडणारा चॉपर, ४.५ मायक्रॉनचा फिल्टर आणि त्याच गतीचा सिग्नल वेचणारा लॉक-इन. बायस लांब पट्ट्याच्या बाजूला ठेवूनही सिग्नल उरला. प्रकाश आधी ज्या थरातून जातो तो मध्यम पट्ट्याचा थर पातळ पडला होता, त्याने न शोषलेला प्रकाश खाली झिरपत होता. पुढच्या वेफरला तो जाड करायला सांगितला आहे.