नवी गाडी की दोन वर्षं वापरलेली? आमचा हिशेब आणि तपासणी

वापरलेल्या गाडीचा भाव ठरवताना एक आकडा आधी बाजूला ठेवावा लागतो: विकणाऱ्याने ती केवढ्याला घेतली होती. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का उपकर यावरून 18 टक्क्यांवर आला. त्याआधी 8,20,000 एक्स-शोरूम असलेली हॅचबॅक त्यामुळे साडेसात लाखांच्या आसपास आली. विकणारे मात्र अजून जुनं बिल धरून बोलतात. ‘साडेनऊला ऑनरोड पडली होती, दोनच वर्षं झालीत, पावणेसातला देतो,’ असं पुण्यात गाडी शोधताना जागोजागी ऐकायला मिळालं. ऐकायला पावणेतीन लाख वाचल्यासारखे वाटतात. आजच्या नव्या गाडीशी ताडून पाहिलं की ते दोन लाखांवर येतात, आणि कर्ज काढणार असाल तर काहीच वाचत नाही.

तो हिशेब असा. 7,50,000 एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी रोड टॅक्स 11 टक्के, म्हणजे 82,500. विमा, नोंदणी, फास्टॅग वगैरे धरून ऑनरोड साधारण 8,75,000. पाच वर्षं वापरून विकली तर सव्वाचार लाख येतील असं धरलं. म्हणजे पाच वर्षांत साडेचार लाख गेले, वर्षाला 90,000. दोन वर्षं वापरलेली तीच गाडी सहा लाखांना मिळाली, नावावर करणं, विमा, सर्व्हिसिंग आणि लवकरच लागणारे टायर यांना 50,000 धरले, आणि पाच वर्षांनी सात वर्षं जुनी गाडी तीन लाखांना गेली, तर वर्षाला 70,000 पडतात. हे 20,000 खरे वाचतात. पण तीच गाडी पावणेसातला घेतली तर वर्षाचा खर्च 85,000. पाच हजारांसाठी दुसऱ्याने वापरलेली गाडी कशाला घ्यायची? (पेट्रोल आणि नेहमीची देखभाल दोन्हीकडे जवळपास सारखी, म्हणून धरलेली नाही.)

आता यात कर्ज घाला. नव्या गाडीला बँका 9 टक्क्यांच्या आसपास देतात, वापरलेल्या गाडीला 12 ते 15 टक्के लावतात. नव्यासाठी सात लाख, 9 टक्के, पाच वर्षं: हप्ता 14,531 आणि एकूण व्याज 1,71,850. वापरलेल्यासाठी पाच लाख, 13 टक्के, पाच वर्षं: हप्ता 11,377, व्याज 1,82,600. दोन लाखांनी लहान कर्जावर जास्त व्याज! हप्ता कमी दिसतो म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. पावणेसातच्या गाडीवर पावणेसहा लाखांचं कर्ज काढलं तर वर्षाचा खर्च 1,27,000 वर जातो, आणि नवीचा व्याजासकट येतो 1,24,400. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग.

यावरून मी स्वतःपुरता नियम केला. दोन वर्षांची गाडी आजच्या नव्या ऑनरोड किमतीच्या 70 टक्क्यांच्या आत मिळत असेल आणि बहुतेक रक्कम हातात असेल, तर वापरलेली. किंमत 75 टक्क्यांच्या वर असेल किंवा बरंचसं कर्ज काढावं लागणार असेल, तर नवी. मधल्या पट्ट्यात गाडीची अवस्था आणि वॉरंटी किती उरली आहे ते पाहून ठरवायचं. तुमच्या पसंतीच्या मॉडेलचे आकडे घालून हा हिशेब स्वतः करा. ज्या गाड्यांना सेकंडहँड बाजारात फार मागणी असते त्या 70 टक्क्यांच्या आत क्वचितच मिळतात, आणि तिथे नवी घेणंच शहाणपणाचं.

नवीचं कोटेशन घेतलं तर त्यातल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची रक्कम काढून टाकायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून तेवढ्याच कव्हरचं कोटेशन आणून समोर ठेवलं की शोरूमचा आकडा खाली येतो. नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाउजेडी पाहून उत्पादनाचा महिना, टायरवरच्या तारखा, मीटर आणि रंग तपासा. नंबर पडल्यानंतर गाडी बदलून मिळत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापतात, तो प्राप्तिकर विवरणात परत मागता येतो, त्यामुळे तो खर्चात धरू नका.

आमच्याकडे रक्कम बरीचशी तयार होती, म्हणून वापरलेलीच बघायचं ठरलं. शोध आखताना अटी आधी लिहून ठेवल्या. पहिला मालक. एमएच 12 किंवा एमएच 14 (पुणे किंवा पिंपरी-चिंचवड) पासिंग. एप्रिल 2023 नंतरचं उत्पादन, कारण तेव्हापासून गाड्यांमधले रबरी भाग आणि सील 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे येऊ लागले आणि पंपावर आता तेच पेट्रोल मिळतं. अधिकृत वर्कशॉपची पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री, आणि कंपनीची वॉरंटी निदान काही महिने शिल्लक. ही शेवटची अट फार कामाची, कारण एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच विकत घेता येते. डिझेल यादीतून काढून टाकलं. शहरातल्या शहरात थोडी फिरलेली बीएस6 डिझेल वरून चकचकीत दिसते, पण तिच्या सायलेन्सरमधला फिल्टर लांब पल्ल्याच्या गरम धावेशिवाय साफ होत नाही आणि काजळीने तुंबतो. तो बदलायचा खर्च मोठा असतो.

दिल्लीहून आणलेल्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून मालक लवकर विकू लागले. पण परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागतो, इथे नव्याने नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तिथे भरलेल्या टॅक्सचा परतावा तिकडेच मागायचा असतो. एवढं सगळं धरलं की स्वस्ताई विरून जाते. शोरूमच्या डेमो गाड्या विचारात घ्यायला हरकत नाही. फक्त वॉरंटी पहिल्या नोंदणीपासून मोजली जाते आणि आरसीवर तुम्ही दुसरे मालक ठरता, तेव्हा भावही त्याच हिशेबाने मागा.

गाडी पाहायला जायच्या आधी फोनवर एवढंच सांगायचं: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ते गरम लागलं तर त्या दिवशी पाहू नका. थंड इंजिन सुरू होताना टाइमिंग चेनची खरखर, टॅपेटचा आवाज, सायलेन्सरमधून निळसर धूर हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. इंजिन तापल्यावर यातलं बरंच झाकलं जातं.

अपघात शोधायला रंगाची जाडी मोजायचं यंत्र घ्या किंवा ते असलेला मेकॅनिक बरोबर न्या. कारखान्यातला रंग बहुधा 80 ते 150 मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एखाद्या पॅनेलवर 250 आलं तर ते पुन्हा रंगवलेलं, 500 च्या वर गेलं तर खाली पुट्टी. बंपर प्लास्टिकचे असल्यामुळे त्यांच्यावर हे यंत्र चालत नाही, आणि पुण्याच्या गर्दीत घासलेला एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा काही दोष नाही. भीती वाटायला हवी ती छत, खांब आणि डिकीखालच्या पत्र्याची. दरवाजाचं रबर ओढून काढलं की खांबाच्या कडेला स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात. ते सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे हवेत. एका बाजूला ठसे आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत सीलंट, तर तो खांब कापून जोडलेला आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. सगळ्या काचांवरचे कंपनीचे शिक्के आणि वर्षं जुळतात का, हेही बघा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं याहून महत्त्वाचं, कारण तिचं दुखणं विकत घेतल्यावर सहा-आठ महिन्यांनी वर येतं. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगच्या पार्किंग पाण्याखाली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये सोलापूर, धाराशिव, बीडला पूर आला. अशा गाड्या विमा कंपनीने टोटल लॉस ठरवल्यावर भंगारभावात उचलून, धुऊन-पुसून पुन्हा विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. कुणी गाडी कितीही घासली तरी रीळवर गुंडाळलेला पट्टा शेवटपर्यंत धुतला जात नाही, आणि तिथे गढूळ पाण्याची आडवी रेघ राहते. सीट पूर्ण मागे सरकवून रुळांवर गंज आहे का पाहा. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, स्टेपनीच्या खळग्यात वाळू, गालिच्याखालच्या फेल्टला कुबट वास, यातलं एक जरी सापडलं तर भाव करत बसू नका, निघा.

मीटर मागे फिरवलेला आहे का, हे एका खुणेवरून ठरत नाही. तीन-चार गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहायच्या. वर्कशॉपच्या नोंदीतले किलोमीटर चढत गेलेले हवेत. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. मीटरवर 18,000 आणि चारही टायर गाडीच्या उत्पादनानंतर वर्षभराने बनलेले, तर मूळ टायर इतक्या लवकर कशाने गेले, हे विचारायलाच हवं. क्लचच्या पेडलवरचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची दरवाजाकडची कड पाहा. हजाराच्या आत मिळणारा ओबीडी रीडर गाडीच्या सॉकेटमध्ये घालून फोनला जोडला की फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड, वाचता येतात. कोड शून्य दिसले म्हणून समाधान मानू नका. ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे त्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण दिसत असतील किंवा कोड पुसल्यापासून गाडी दहा-वीस किलोमीटरच चाललेली असेल, तर तुम्ही येणार म्हणून इंजिनचा दिवा मुद्दाम घालवला आहे किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. विचारा.

चालवून पाहताना खराब रस्ता, चढ आणि मोकळा हायवे तिन्ही हवेत. कात्रजचा जुना घाट यासाठी उत्तम. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचे फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर 80 च्या वेगात ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. हे दोन्ही दुरुस्त होतं, पैसे मात्र भावातून कापून घ्या. शेवटी अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्या. विकणारा याला नाही म्हणाला तर तेवढंच उत्तर पुरे.

इसार देण्याआधी कागद पाहायचे. आरसीवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं आधार जुळतं का, हायपोथिकेशन, म्हणजे कर्जापोटी बँकेची नोंद, आहे का, गाडी आधी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची, होती का, ई-चलन बाकी आहेत का. नावाची जुळणी सोडून बाकीचं परिवहन आणि महाट्रॅफिक या सरकारी वेबसाइटवर बसल्याजागी दिसतं. कर्ज बाकी असेल तर पैसे मालकाच्या हातात न देता आधी बँकेच्या कर्जखात्यात भरायचे, आणि बँकेची एनओसी व आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35 हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यायची. पेमेंट आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यात, आरटीजीएसने. एजंट असला तरी.

नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 लागतात. विकणाऱ्याची सही आरटीओतल्या नोंदीशी जुळायला हवी. अर्ज आधारवरून ऑनलाइन करायचा तर विकणाऱ्याचा आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, कारण ओटीपी त्याच्याकडेही जातो. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, त्या वेळेआधीचं चलन कुणाचं यावरून वाद होत नाही.

विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे आधीच्या मालकाने मिळवलेली सूट जाते आणि फरक भरावा लागतो. नव्या गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागत असल्याने दोन वर्षांच्या गाडीवर त्याचं एक वर्ष शिल्लक असतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग संपलेला असू शकतो. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या पाहा.

चावी घेताना दोन्ही चाव्या मागा. एकच मिळाली तर दुसरीचा खर्च वर्कशॉपला विचारून तो कापून घ्या. फास्टॅग विकणाऱ्याने त्याच्या बँकेकडून तिथल्या तिथे बंद करायचा, कारण जुना बंद झाल्याशिवाय त्याच नंबरवर दुसरा टॅग निघत नाही.