आमची वाटचाल : आजोबांची साळ परत पेटली त्याची गोष्ट

मालवणजवळच्या आमच्या गावात आजोबांची लोहारसाळ होती. तेव्हा बलुतं भातात मिळायचं, सुगीला ठरलेलं भात घरी यायचं आणि वर्षभर गावाचे फाळ, कोयते, विळे आम्ही करायचे. मग नांगर गेले, पॉवर टिलर आले, कोयते बाजारात तयार मिळायला लागले, बाबांनी ग्रिल-गेटचं वेल्डिंग धरलं आणि साळीला कुलूप लागलं. आमची शिक्षणं त्या वेल्डिंगवरच झाली.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात साळीची निम्मी कौलं उडाली. आता पाडायची की उभी करायची हे ठरवणं भागच होतं.

साळ उभी करून पर्यटकांना दाखवायची असं ठरवून काम काढलं तर जो तो सांगायला लागला, खिडक्या मोठ्या करा, ट्यूबलाईट लावा, खाली लादी घाला, पर्यटक येणार ना. मलाही पटत होतं. बाबा म्हणाले, "अरे, उजेडात लोखंडाचो रंग कसो दिसतलो तुका?" तेव्हा कळलं, साळ काळोखी असते ती मुद्दाम. लोखंड किती तापलंय ते रंगावरूनच ओळखायचं, आधी काळपट लाल, मग गुंजेसारखा, मग केशरी. ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता ८०० डिग्रीच्या आसपास तापवून पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवून झटकन थंड केला, की धार कडक होते पण काचेसारखी तुटते, म्हणून धार घासून चकचकीत करून परत हलकी ऊब द्यायची, तिच्यावर पेंढ्यासारखा पिवळा रंग चढतो तो साधारण २३० डिग्रीला, मग जांभळा, ३०० च्या आसपास निळा. बाबा जांभळा दिसायला लागला की लगेच थांबवतात. पण तापलेल्या लोखंडाचा लाल-केशरी रंग लख्ख उजेडात नीट ओळखताच येत नाही. म्हणून खिडक्या होत्या तेवढ्याच ठेवल्या आणि जमीनही मातीचीच, कारण लालबुंद तुकडा पडला तर सिमेंट उडतं.

सुरुवातीला जुनी हत्यारं काचेच्या कपाटात मांडली होती. एका पावसाळ्यात खाऱ्या हवेने सगळ्यांवर तांबेरा! वापरातल्या सांडशी आणि घण मात्र ठीक होते. कपाट विकलं, आता आजोबांचाच घण, त्यांचीच ऐरण, फणसाच्या ओंडक्यात बसवलेली, रोज चालते. फक्त भात्याचं चामडं नवं घालावं लागलं, ते मिळवायलाच चार महिने गेले.

पर्यटकांना तिकीट आहे, त्यात भाता ओढायला मिळतो आणि स्वतः ठोकलेली आकडी घरी नेता येते. गाववाल्यांना तिकीट नाही, ते मृगाच्या आधी कोयते पाजवायला येतात, त्या पंधरा दिवसांत पर्यटकांना थांबावं लागतं.

येताना बूट घालून या, ठिणग्या उडतात.