नाशिक, पाळीपाळीनं

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि नवऱ्यानं यादी करायला घेतली. पांडवलेणी, काळाराम, त्र्यंबक, अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, नांदूरमध्यमेश्वर, वणीचा गड. सगळ्यात खाली बारीक अक्षरात वाइनरी. दिवस तीन, आणि सोबत सात वर्षांची थोरली नि अडीच वर्षांचा धाकटा. मी काही बोलले नाही. त्याची अर्धी सहल यादी करतानाच होते, ती कशाला बुडवा. शिवाय गेल्या वर्षीचं कोकण दोघांच्याही लक्षात होतं. दोन दिवसांत चार समुद्रकिनारे, मागच्या सीटवर रडणारी दोन पोरं, आणि महाडपासून पनवेलपर्यंत नवराबायकोत एक शब्द नाही.

ठाण्याहून सकाळची तपोवन पकडली. लहान पोरं असतील तर गाडीपेक्षा रेल्वे बरी, हे माझं ठाम मत आहे. पोराला उभं राहता येतं, फिरता येतं, समोरच्या अनोळखी आजींच्या डब्यातली चकली खाता येते. कसारा घाटातले बोगदे थोरली बोटांवर मोजत होती. अंधार झाला की धाकटा "लाइट गेली!" म्हणून ओरडायचा आणि उजेड आला की टाळ्या. चौथ्या की पाचव्या बोगद्याला त्याला शू लागली, त्या धांदलीत मोजणी चुकली, आणि इगतपुरीपर्यंत "तुझ्यामुळे, तुझ्यामुळे" चाललं. घाटात गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, ते दाखवायचं नवऱ्यानं आठवडाभर कबूल केलं होतं. ते राहूनच गेलं. यादीतली पहिली गोष्ट नाशिक यायच्या आधीच गळाली.

आत्या पंचवटीत राहते. आम्ही पोचलो, हातपाय धुतले, आणि नवऱ्यानं घड्याळ बघत विचारलं, "मग आता लगेच निघायचं का गंगेवर?" नाशकात गोदावरीला गंगा म्हणतात हे त्याला लग्नानंतर कळलं, तेव्हापासून तो मुद्दाम म्हणतो. आत्या कढीला फोडणी देत होती. मागे न बघता म्हणाली, "आधी जेवा, मग झोपा. गंगा काय पळून चाललीये का?"

दुपारी चौघंही गाढ झोपलो. सहलीला येऊन दुपारी झोपायचं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं मला लग्नाआधी वाटायचं.

संध्याकाळी आत्या पुढे आणि आम्ही मागे, असे रामकुंडावर गेलो. तिथं काही लोक विधी करत होते. एका पायरीवर एक जण मान खाली घालून बसला होता आणि न्हावी त्याचं डोकं भादरत होता. थोरली थबकली. "ते काका टक्कल का करतायत?" मी म्हणणार होते, उन्हाळा येतोय ना, किंवा असंच काहीतरी. आत्यानं सरळ सांगितलं, "त्यांचे बाबा वारले. म्हणून." थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या केसांकडे पाहिलं. नवऱ्यानं उगाच डोक्यावरून हात फिरवला. पुढं ती काही बोलली नाही, फक्त दहाबारा पावलं त्याच्या शर्टाचं टोक धरून चालली. फिरायला आलेल्या पोरांना असलं काही दिसू नये अशी आपली धडपड असते, पण नदीच्या काठावर ते टाळणार कसं? आत्याला टाळायचंच नव्हतं.

तिथून दुतोंड्या मारुती. हा नाशिककरांचा पूर मोजायचा मारुती. वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इथं गंगा चढते, आणि मग गावात कुणी फूट-मीटर विचारत नाही. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला आलं, छातीला आलं, असं सांगतात. आणखी वर गेलं तर पलीकडच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा. वसईच्या विजयाची खूण म्हणून तिला मान, पण पावसाळ्यात तिच्याकडे बघायचं ते वेगळ्या कारणानं. आत्यानं हे सगळं हातवारे करून सांगितलं. धाकट्याला तोंडं दोन आहेत हेच पुरेसं होतं. तो एकदा पुढून आणि एकदा मागून जाऊन "हॅलो" म्हणत होता. थोरलीनं मात्र स्वतःच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर हात ठेवून पाहिला आणि विचारलं, "नाकापर्यंत आलं तर?"

"मग आम्ही वरच्या मजल्यावर," आत्या म्हणाली.

काळारामाला जाताना थोरलीला मी १९३० सालच्या सत्याग्रहाबद्दल सांगितलं. २ मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या देवळाशी आली होती, आत जाऊ द्या एवढंच मागायला. आणि आत जाऊ दिलं नाही. तिनं विचारलं, "रामाला माहीत होतं?" मला उत्तर सुचलं नाही. आत्यालाही नाही, आणि असं क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी आतेभावानं त्याची गाडी दिली. सकाळी मिसळ. बाहेरच्यांना वाटतं मिसळ म्हणजे मुलांसाठी उपास. नाशकात उलट आहे. तर्री बाजूला वेगळी येते, सोबत पापड, दही, शिवाय जिलबी, आणि गावाबाहेरच्या कितीतरी मिसळवाल्यांकडे अंगणात झोपाळे आणि घसरगुंडी. धाकट्याचा नाश्ता: दीड पापड, दोन जिलब्या, अर्धी वाटी दही. आमचा नाश्ता मात्र पाळीपाळीनं झाला. सुट्टीमुळे तोबा गर्दी होती. तासभर थांबल्यावर आमच्या नावाचा पुकारा झाला, आणि नेमका तेव्हा हा पठ्ठ्या घसरगुंडीच्या वर बसून खाली यायला तयार नाही. मी खाल्लं तेव्हा नवरा घसरगुंडीपाशी, त्यानं खाल्लं तेव्हा मी. मला ताजी तर्री मिळाली, त्याला निवलेली. हे तो अजून बोलून दाखवतो.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि मागं पाहिलं तर धाकटा झोपलेला, मान लटकलेली, हनुवटीला जिलबीचा पाक. झोपलेलं मूल उठवणं हा गुन्हा आहे असं आमच्या घरात मानतात. नवरा म्हणाला, "मी हिला घेऊन वर जाऊन येतो, मग तू जा." कोकणात आम्ही यावरूनच भांडलो होतो. सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचं असा माझा हट्ट होता, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र काहीच पाहिलं नव्हतं.

पाऊण तास गाडीची खिडकी अर्धी उघडी ठेवून बसले. मग दोघं खाली आली. थोरली धापा टाकत म्हणाली, "आई, तिकडे बुटके आहेत, ते घर खांद्यावर घेऊन उभेत! तीन नंबरला!" नवऱ्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "जा. घाई करू नकोस. हा उठला तर बघतो मी."

दोनेकशे पायऱ्या असतील. इतक्या पायऱ्या एकटीनं चढायची सवयच गेलीय. हात रिकामा, म्हणून सारखा अवघडल्यासारखा.

डोंगराच्या कड्यात ओळीनं २४ लेणी. तिसऱ्या लेण्यात ओसरीचं सगळं ओझं खांद्यावर पेलत जमिनीतून अर्धे वर आलेले ते यक्ष खरंच आहेत. थोरली त्यांना बुटके म्हणाली, पण त्यांचं उरलेलं अंग जमिनीखाली आहे असं मानलं तर ते राक्षसाएवढे होतात. पण मी आले होते ते ओसरीच्या भिंतीवरच्या लेखासाठी. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. मला एक अक्षर वाचता येत नाही, पण त्यात काय आहे ते वाचून आले होते. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी त्याच्या आजीनं, गौतमी बलश्रीनं, हे लेणं भिक्षुसंघाला दान दिलं. तोवर तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी वारलेला होता. आणि लेख बहुतेक सगळा त्या मुलाच्या कौतुकाचा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो, शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा तो, असं करत करत मध्येच येतं: आईची सेवा करण्यात कधीही खंड न पडू देणारा. राज्यं जिंकल्याच्या यादीत आईनं हे घुसवलंय. स्वतःला ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते.

मी तिथं बराच वेळ उभी होते. एक सहल आली, गाइडनं "हे बघा शिलालेख" म्हणून बोट दाखवलं, सगळ्यांनी फोटो काढले, सहल गेली. पोराचं नाव आईवरून चालायचं त्या काळातली ती बाई, आणि मी खाली गाडीत झोपलेल्या पोराच्या हनुवटीवरचा पाक पुसायचा राहिला म्हणून चुटपुटतेय. पुढं अठराव्या लेण्यात, चैत्यगृहात, स्तूपापाशी थोडा वेळ बसले. कुणी हाक मारली नाही, कुणाला तहान लागली नाही. पहिली पाचेक मिनिटं तर माझे कान टवकारलेलेच होते.

उतरताना मागून येणारा कॉलेजचा मुलगा माझ्याकडे बघून हसला, तेव्हा कळलं की मी मोठ्यानं पायऱ्या मोजत होते.

रात्री गच्चीवर दोघांनी आपापली पांडवलेणी एकमेकांना सांगितली. त्यानं नहपान या शक राजाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख असलेलं दहावं लेणं पाहिलं होतं, ते मी घाईत सोडलं. चैत्य त्यानं सोडला, कारण थोरलीला माकडं दिसली. दोघांची मिळून एक पुरी लेणी झाली असं म्हणायला जागा होती. नाण्यांचं संग्रहालय बुडालं याची त्याला फार हळहळ. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा मारला, त्या नाण्यांचा मोठा साठा १९०६ साली याच जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडला, हे त्यानं गच्चीवर मला समजावून सांगितलं. तेही एका परीनं संग्रहालयच झालं.

तिसऱ्या दिवशी नांदूरमध्यमेश्वर. हे नवऱ्याचं स्वप्न. पहाटे पाचला आत्यानं दशम्या बांधून दिल्या आणि धाकट्याला दोन स्वेटर, कानटोपी, वर तिची शाल असं गुंडाळलं. निफाडची थंडी म्हणजे चेष्टा नाही. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून पेपरात येतं ते पुष्कळदा निफाडचंच. गोदावरी आणि कादवा इथं मिळतात, बंधाऱ्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणी नि बेटं झाली, आणि पक्ष्यांना नेमकं हेच हवं असतं. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण.

पाण्यावर धुकं होतं. गाइडदादांनी दुर्बीण तिकाटण्यावर लावली आणि थोरलीसाठी खाली केली. जांभळी पाणकोंबडी, थापट्या, चक्रवाक. मग काळ्या पक्ष्यांचा थवा, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. "हे वारकरी," दादा म्हणाले. थोरलीनं दुर्बिणीवरून डोळा काढला. "खरंच वारकरी म्हणतात?" मग पुन्हा डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

आणि इकडे धाकट्याला ट्रॅक्टर दिसला. उसानं भरलेला, बंधाऱ्याच्या रस्त्यानं चाललेला. त्यानं जी आरोळी ठोकली तिनं समोरचे पन्नासेक वारकरी एका दमात उडाले. मागच्या मनोऱ्यावर मोठ्या लेन्स लावून बसलेली माणसं वळली. मी नवऱ्याकडे पाहिलं. गळ्यात नवी दुर्बीण, वर्षभर पैसे साठवून घेतलेली. त्यानं ती उतरवून माझ्या गळ्यात घातली, पोराला खांद्यावर घेतलं आणि ट्रॅक्टरच्या मागं चालायला लागला. मी जाते म्हणाले असते तर तो थांबला असता. मी म्हणाले नाही. काल पाऊण तास मी खाली बसले होते, हा हिशेब तेव्हा डोक्यात होता हे कबूल करते.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्या दिवशी दिसलेच नाहीत, एवढं एक बरं झालं.

परतताना रस्त्यात पेरू घेतले. तिखटमीठ बांधून न्यायला कागद हवा होता, तर पर्समध्ये ती यादी सापडली. त्र्यंबक, वणी, नाणी, सगळं तिखटमिठात गेलं.

पुढची गोष्ट जुलैची. रात्री आत्याचा फोन आला. धरणातून पाणी सोडलंय, गंगेला पूर आहे, मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय. मी फोन स्पीकरवर टाकला. धाकटा जेवता जेवता उठला आणि शर्ट वर करून त्यानं कमरेला हात लावला. पहिल्यांदा चुकून पोटाला, मग थोरलीनं हात खाली सरकवून दिला.

"आजी," थोरलीनं विचारलं, "सामान वर नेलं का?"